बारशाच्या वाट्या

“काका, जरा कान इकडे करा,” ताई म्हणाल्या आणि काउंटरवरून पुढे वाकून त्यांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्या काकांच्या कानात नाव सांगितलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते ना, अगदी तस्सं. फरक एवढाच, की बाळाच्या जागी पांढऱ्या मिशांचे, चष्म्याला दोरी बांधलेले काका होते.

मी मुद्दाम लांब जाऊन कुकर बघत उभी राहिले होते. घ्यायचा नव्हता काही, आपलं उगाच झाकण उघड, झाकण लाव.

“वा!” काका म्हणाले. “हे नाव लई वर्षांनी आलं बघा हाताखाली. आमचे वडील घालायचे हे, घागरीवर, हंड्यावर. मधी सगळं पूजा आन् स्नेहाच चाललं होतं. मग निस्त्या श्रावण्या. आता परत आज्ज्या जन्माला यायला लागल्या म्हणायच्या!”

“काका, हळू बोला की!” ताईंनी माझ्याकडे चोरून बघितलं. मी कुकरची शिट्टी फिरवून बघत होते.

“घालू ना मग? एकदा सुई फिरली की नाव निघत नसतं, वैनी. मागनं बदला म्हणाल तर वाट्या नव्या घ्याव्या लागतील.”

“बदलायचं कशाला? इतकं वेगळं नाव कुणाचंच नाही. मी स्वतः शोधलंय.”

मी स्वतः शोधलंय! माझ्या मनात अशा उकळ्या फुटल्या, की हातातलं झाकण खाली पडायचं तेवढं राहिलं. मशीन घर्रर्र करून चालू झालं आणि चकचकीत वाट्यांवर एकामागून एक नाव उमटायला लागलं. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. नाव मला पाठ होतं. मीच तर पेरलं होतं ते.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ, मृदुला. त्या आणि भावजी पुण्याला, मी आणि हे कऱ्हाडला, आई-आबांजवळ. आई-आबा म्हणजे माझे सासू-सासरे. ताई सणावाराला यायच्या, दोन दिवस पाहुण्यासारख्या राहायच्या, जाताना मेतकूट-लोणची बांधून न्यायच्या. त्यांचं सगळंच आईंना कौतुकाचं. “मृदुला नोकरी करते, दमते बिचारी.” मी पहाटे उठून घरादाराच्या पोळ्या लाटत होते ती जणू माझी हौसच होती.

तसं नावाचं आणि माझं पहिल्यापासून वाकडंच. माझे वडील वनखात्यात गार्ड, सगळी उमर पाटणच्या वरच्या डोंगरांत गेली. त्यांनी माझं नाव शेवंता ठेवलं होतं. लग्नात आईंनी तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘स्मिता’ लिहून घेतलं. शेवंता म्हणे धुण्याभांड्याच्या बाईचं नाव वाटतं. माझ्या वडिलांनी त्यावरसुद्धा मान डोलावली. ताईंचं मात्र मृदुलाच राहिलं. ते आधीच शोभेसं होतं ना!

तरी ते मी गिळलं. जे गिळता आलं नाही ते पुढचं.

मला लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. सातव्या वर्षी दिवस गेले. वडील बघायला आले, गच्चीवर ऊन खात बसले आणि म्हणाले, “पोरगी झाली तर कारवी ठेव.”

“कारवी? ते तर झुडूप ना, आण्णा?”

“झुडूप असलं म्हणून काय झालं? सहा वर्षं नुसती काटकी दिसते, लोक सरपणाला तोडतात. आणि सातव्या वर्षी फुलते ती अशी, की अख्खा डोंगर जांभळा. तुझंही सातवंच चाललंय.”

“आणि पोरगा झाला तर?”

“तर तुझ्या सासूला विचार,” म्हणाले आणि हसले.

आपल्या बापानं आपल्यासाठी असं काही योजून ठेवावं, याचं मला इतकं अप्रूप वाटलं, की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. त्याच दिवाळीत ताई आल्या होत्या. त्यांनाही दिवस गेले होते, माझ्या थोडे आधी. करंज्या भरता भरता मी बोलून गेले. “अय्या, किती गोड गं!” ताई म्हणाल्या. “आमच्याकडे बघ, सगळी तीच तीच नावं. ऑफिसात कुणाला विचारावं तर सिद्धी नाही तर रिद्धी.” मी आणखी उत्साहानं कारवीची सगळी गोष्ट सांगितली. गाढवासारखी.

ताई आधी बाळंत झाल्या. मुलगी. बारसं पुण्यात हॉल घेऊन. मी पोटुशी, आठवा चालू, तरी गेले. आण्णांनाही बोलावलं होतं, ते एसटीनं एवढ्या लांब आले, बाळाला रानातला मध घेऊन. पाळण्यामागच्या पाटीवरचा पडदा ओढला आणि वर फुलांनी लिहिलेलं, कारवी.

“सात वर्षांनी फुलतं हं हे फूल!” ताई बायकांना सांगत होत्या. “मी शोधून काढलं.” त्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण हिशेब कोण बघतो!

मी आईंना आतल्या खोलीत गाठलं. म्हटलं, “आई, ते नाव माझ्या बाळाचं होतं. माझ्या आण्णांनी ठेवलेलं. ताईंना मीच सांगितलं होतं.”

आई साड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मग? नाव काय तुझ्या बापानं विकत घेतलं होतं?”

मी मागं वळले तर दारात आण्णा. निरोप घ्यायला आले होते. हातात पेढा तसाच.

स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. आण्णा म्हणाले, “असू दे गं शेवंते. रानात काय एकच कारवी असते?” पण माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. माझी मुलगी झाली तेव्हा एका घरात दोन कारव्या कशा, म्हणून आईंनी परस्पर श्रावणी ठेवलं. बालवाडीत चार श्रावण्या निघाल्या. माझी ती श्रावणी पी. आण्णा तिला बघायला आले, मांडीवर घेतली, पण नावानं हाक म्हणून मारली नाही. बाळच म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात गेले.

त्यांच्या दहाव्याला नदीवर कावळा शिवत नव्हता. सगळे म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल. मी मनात म्हटलं, आण्णा, तुम्ही जा. ते माझ्याकडे लागलं.

पाच वर्षं मी वाट बघितली. कुणी म्हणेल, एवढ्याशा नावासाठी? तर ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पाच वर्षं दर सणाला मी “कारवी, दूध पी गं”, “कारवी, झोप गं” अशा हाका मारत होते, दुसरीच्या लेकीला.

मग ताईंना दुसऱ्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला कऱ्हाडला आल्या आणि आल्या दिवसापासून एकच धोशा. नाव कुठलं ठेवायचं? “कारवीला शाळेत सगळे विचारतात, इतकं युनिक नाव कुणी शोधलं. आता धाकट्याचं काहीतरी साधं ठेवून कसं चालेल?”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माजघरात पडल्या होत्या. मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं, फोन बंदच होता. पण मी बोलत होते.

“हो वहिनी, मी आत्या आहे, नाव मीच ठेवणार... नाही नाही, शोधून ठेवलंय... अगं, जुनं आहे पण आता तीच फॅशन आहे. पुण्या-मुंबईत शिकलेले लोक आज्यापणज्यांचीच नावं ठेवतात... फोनवर नको. भिंतीला कान असतात.”

भिंतीला नव्हते, दाराला होते. मी फोन ठेवला तोच ताई पाणी प्यायला म्हणून आत.

“तुझ्या भावाकडे आहे का गं काही?”

“हो ना ताई. वहिनीला पाचवा लागलाय.”

“नाव ठरवलंस वाटतं?”

“छे छे. कुठलं नाव?” मी भांडी विसळायला घेतली.

“अगं सांग की! मी काय कुणाला सांगणार आहे?”

“नको बाई. मागच्या वेळी काय झालं...”

ताईंचा चेहरा क्षणभर पडला, पण क्षणभरच. “ते होय? अगं ते माझ्या डोक्यात आधीपासून होतं, तू सांगायच्याही आधी.” जित्याची खोड!

मी दोन दिवस ताणून धरलं. मासा गळाला तोंड लावून गेला की दोर सैल सोडायचा असतो, ते आण्णा कोयनेच्या काठावर शिकवायचे. तिसऱ्या दिवशी ताईंच्या केसांना तेल लावताना मी म्हटलं, “सांगते. पण शपथ घ्या. आईंना तर मुळीच सांगायचं नाही. मुलगी झाली तर गिरिजा.”

“गिरिजा.” ताईंनी जिभेवर घोळवून बघितलं. “गिरिजा... काय भारदस्त आहे गं. खानदानी वाटतं. कुठं सापडलं?”

“असंच. जुन्यापान्यात.”

पुढं त्या नावाचा शब्दही काढला नाही त्यांनी. तिथंच मला कळलं, गळ बसला. ताईंना मुलगीच झाली. झाला असता मुलगा तर मी आणखी थांबले असते, मला घाई नव्हती. पण देवानं ऐकलं. आणि या खेपेला बारसं कऱ्हाडलाच, असं आईंनीच बजावलं. हल्ली बाराव्या दिवशी कोण करतं? सव्वा महिना उलटला, हॉलची तारीख मिळाली, ताई माझ्याबरोबर भांड्यांच्या दुकानात आल्या. आलेल्या प्रत्येक बाईला नाव घातलेली वाटी द्यायची, ही ताईंची कल्पना. पाटीवर पडदा, वाट्यांवर चमकीचा कागद, म्हणजे नाव कुणाला आधी कळायला नको. मी म्हटलं, छानच की ताई.

माझी तयारी मी वेगळी केली होती. गावाकडे काशीआत्या म्हणून आबांच्या चुलतआत्या होत्या, नव्वदीच्या. कुणाच्या कार्याला त्यांना कुणी आणत नसे. त्यांना आणायला मी ह्यांना गाडी घेऊन पाठवलं. “म्हातारीचा आशीर्वाद नको का?” म्हटलं. हेसुद्धा खूश झाले, बायकोला केवढी माया!

बारशाचा दिवस. हॉल बायकांनी फुललेला. पाळण्याला झेंडूच्या माळा. आई निळी पैठणी नेसल्या होत्या, पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात. पुरुषमंडळी मागच्या खुर्च्यांवर, त्यांत आबा. आबा म्हणजे अबोल माणूस. जेवण झालं का, पेपर आला का, एवढंच बोलणं. नातवंडं दोन होती, पण कधी उचलून घेतलेलं कुणी बघितलं नव्हतं. आईंना ते “अगं” म्हणायचे. त्यांच्या तोंडून कुठल्याही बाईचं नाव आलेलं मी ऐकलं नव्हतं.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. बाळाला पाळण्यात घातलं. वन्सं, म्हणजे आमची नणंद, तीच बाळाची आत्या. ती वाकली. तिला नाव ताईंनी हॉलवर आल्यावरच सांगितलं होतं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि वन्संनी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं.

आता हे नाव मला कुठं सापडलं, ते सांगते.

माझ्या लग्नानंतरची चौथी दिवाळी. माळ्यावरची पितळेची भांडी काढून मी चिंचेनं घासत होते. एक मोठी परात. काळपट थर निघाला आणि खाली अक्षरं दिसली. ‘चि. सौ. कां. गिरिजा हिस मामांकडून.’ मी सहज विचारलं, “आई, या गिरिजा कोण?”

आईंनी माझ्या हातातून परात अशी हिसकली, की काठानं माझं बोट कापलं.

“कुठं होती ही? सगळ्या भांड्यांवरनं मी कानस मारून घेतली होती.” मग माझ्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द तोलून म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांची पहिली बायको. चार वर्षं झाली, कूस उजवली नाही. म्हणून माझ्या सासूनं तिला माहेरी धाडली आणि मला आणली. तिथंच झुरून मेली. तुझंही चौथंच चालू आहे ना गं?”

बोटातून रक्त फरशीवर गळत होतं.

“मुलांना यातलं माहीत नाही आणि कळायचंही नाही. पहिली दोन वर्षं हे झोपेत तिला हाका मारायचे. माझ्या शेजारी निजून! शेवटी मी यांना पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावलं, की ते नाव या घरात पुन्हा निघणार नाही. तेव्हा कुठं नांदले मी. तूसुद्धा लक्षात ठेव, मूल नसलेलीचं नाव भांड्यावरसुद्धा राहत नाही.”

मी लक्षात ठेवलं. आई विसरल्या असतील, मी ठेवलं.

इकडे बारशात वन्सं पाळण्यावरून सरळ झाली, आणि ताईंनी दिमाखात पडद्याची दोरी ओढली. मोगऱ्याच्या कळ्यांनी लिहिलेलं, हातभर मोठ्या अक्षरांत, गिरिजा.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी “अय्या, किती छान!” म्हणालं. पाळणा मात्र हलेना. आईंच्या हातातून दोरी सुटली होती.

“काय... काय नाव?” आई म्हणाल्या.

“गिरिजा, आई! युनिक आहे ना?”

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काशीआत्यांचा आवाज आला. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानंच बोलतात. “गिरिजा? अगं बया! आबाच्या पहिलीचं नाव ठेवलं व्हय? बरं केलंत गं पोरींनो. लई गुणाची होती. उगाच घालवली तिला.”

टाळ्या थांबल्या. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. “पहिली? कुठली पहिली?” भावजी उठून उभे राहिले, हे नुसते बघतच राहिले. आईंचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. चाळीस वर्षं झाकलेलं, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत उघडं, आणि तेसुद्धा त्यांच्या लाडक्या सुनेच्या हातून.

ताई काय झालं ते कळून हडबडल्या. त्यांनी गर्रकन माझ्याकडे बघितलं.

आणि मग आबा उठले. बायकांच्या घोळक्यात पुरुष शिरत नाहीत. आबा शिरले, वाट करत पाळण्यापाशी आले.

“हे नाव कुणी सुचवलं?”

आता ताईंची पंचाईत. माझं नाव सांगावं, तर जावेनं सांगितलेलं नाव चोरलं हे चारचौघांत कबूल करायला हवं. तेही दुसऱ्यांदा. नुकतंच तर प्रत्येकीला सांगून झालं होतं, मी शोधलं, मी शोधलं.

“मी... मीच, आबा,” ताई पुटपुटल्या.

“हो आबा,” मी खणखणीत म्हणाले. “ताईंनीच. त्यांना नावांची फार पारख.”

“मला माहीत नव्हतं हो आबा! आपण बदलूया. आत्ताच्या आत्ता बदलूया. दुसरं ठेवू, काहीही ठेवू...”

“बदलायचं नाही.”

आबांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“या घरात हे एकदा पुसलं गेलं. तेवढं बास झालं.” आबा वाकले, बाळाला त्यांनी उचललं, मानेला हात कसा द्यावा तेसुद्धा त्यांना येत नव्हतं. आणि सगळ्या हॉलसमोर, पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी म्हणाले, “गिरिजा. अगं गिरिजा.”

आई स्वयंपाकघराच्या बाजूला निघून गेल्या.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आबांचं हे मी योजलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, ताईंची शोभा होईल. हे त्याहून मोठं निघालं. पण वाईट वाटलं का? नाही. मला आण्णांच्या हातातला पेढा आठवत होता.

मी आत गेले तर ताई माझ्या मागोमाग. माझा दंड धरून म्हणाल्या, “तुला माहीत होतं! हे नाव कुणाचं ते तुला माहीत होतं!”

“मला? मला कसं माहीत असणार ताई? नाव तर तुम्ही स्वतः शोधलंत.”

त्या रडत बाळाकडे पळाल्या. बाहेर वन्सं बिचारी, काही न सुचून, बायकांना वाट्या वाटायला लागली होती. चमकीचा कागद काढून जो तो नाव वाचत होता.

आई जिलब्यांच्या परातीपाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आचारी कधीच बाजूला झाले होते.

“ते नाव मी या घरात एकट्या तुला सांगितलं होतं,” आई म्हणाल्या.

“हो.”

“मग?”

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. पाच वर्षं हे वाक्य जिभेखाली ठेवलं होतं, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

“मग काय, आई? नाव काय कुणाच्या बापानं विकत घेतलेलं असतं?”

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. नजर खाली गेली. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी जिलब्यांचं ताट उचललं आणि पंगतीत वाढायला गेले.

त्यानंतर घर काही पूर्वीचं राहिलं नाही. आबा बोलायला लागले. रोज संध्याकाळी पुण्याला फोन, “गिरिजाला द्या.” ती तीन वर्षांची झाली तशी स्वतःच यायचा हट्ट करायची. ताईंना तिला घेऊन दर सुट्टीला यावंच लागे, आणि आल्या की आईंची जीभ त्यांच्यावर अशी चाले, की नोकरी करते, दमते बिचारी वगैरे सगळं विसरलं गेलं. घरभर दिवसभर एकच हाक, “गिरिजा, चष्मा आण गं. गिरिजा, चल फुलं तोडू.” आणि आई तिला नावानं कधीच बोलावायच्या नाहीत. ए पोरी, म्हणायच्या. माझ्याशी त्या कामापुरतं बोलायच्या, आणि मला त्याहून जास्त नकोच होतं.

गिरिजा सात वर्षांची असताना आबांना झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टर म्हणाले, आता सेवा करा. सगळे जमले. दुपारची वेळ. मी आबांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते. आई उंबऱ्यात उभ्या. सकाळपासून त्या तिथंच होत्या, आत येत नव्हत्या, बाहेर जात नव्हत्या. आबांचे ओठ हलले. आई पुढं झाल्या.

“गिरिजा,” आबा म्हणाले.

अंगणात खेळणारी पोर धावत आली. “आले, आबा! मी आले!” म्हणत तिनं त्यांचा हात धरला. आबांनी तिच्याकडे बघितलं. कुणाला बघितलं ते त्यांनाच ठाऊक. आणि हात ढिला पडला.

रडारड सुरू झाली. आई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पन्नास वर्षांचा संसार आणि शेवटची हाक ती. जरा वेळानं त्या माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे.

“फिटलं का गं तुझं?” त्या म्हणाल्या. “झालं मनासारखं?”

अंगणात कारवीचा हात धरून माझी लेक घाबरून उभी होती. दोघी बारा वर्षांच्या, सारख्याच उंचीच्या. कुणीतरी हाक मारली, कारवी, इकडे ये गं. आणि ताईंची पोर आत आली.

“नाही आई,” मी म्हणाले. “माझी अजून श्रावणीच आहे.”

आणि आबांच्या तोंडात घालायला गंगाजळाचा गडू आणायला मी देवघरात गेले.